भट्टीची राखण

आत्याला जगात फार थोडी माणसं पसंत होती, आणि त्यांतली बहुतेक मेलेली होती. जिवंतांपैकी माणसात धरावा असा तिच्या लेखी एकच होता, तिचा भाचा, आणि नेमकं त्यालाच गावानं वेड्यात काढलं. तेव्हापासून उरलेल्या सगळ्या गावावर तिनं फुली मारली.

नवऱ्यानं टाकल्यावर ती धाकट्या भावाच्या वीटभट्टीवर आली ती आश्रितासारखी, दार धरून. पण दोन-चार हंगामांतच ती मालकिणीसारखी चालायला लागली. माती चिमटीत चोळून "ही रेताड आहे, घेऊन जा परत," असं सांगून भरलेली गाडी माघारी फिरवणारी ती. थापणाऱ्या बायांनी साच्याचा कोपरा नीट भरला नाही, तर ओली वीट पायानं मोडून "आता घरच्यासारखी नको, कामासारखी थाप," म्हणणारीही तीच. भाऊ मालक होता, पण तो सहीपुरता. आणि भावजय म्हणजे तर बोलून चालून गरीब गाय, सकाळपासून चिखलात हात घालून बसलेली, कुणी आवाज चढवला की साचा छातीशी धरणारी.

भाचा विशीतला. शहरात शिकायला गेला तो वर्षाच्या आत परत आला आणि पंख्यातून लोक आपल्याबद्दल बोलतात म्हणाला. पंखा काढला, तर ते भिंतीतून बोलायला लागले. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि त्या मनानं थांबवू नका म्हणून बजावलं. गोळ्यांनी आवाज मागे सरले, पण त्यांच्याबरोबर पोरगाही मागे सरला. सकाळी ऊन डोक्यावर येईपर्यंत झोप, हाताला बारीक कंप, अंगावर सूज आल्यासारखं मांस. दुसऱ्यांच्या दहा विटा निघेपर्यंत याच्या चार निघत, आणि त्यांतली एक वाकडी.

भावजय चिखलात असायची, म्हणून गोळ्यांचा डबा आत्याकडे होता. संध्याकाळी तिनं हातावर गोळी ठेवायची, त्यानं ती गिळायची आणि वर तिच्याच हातचं पाणी प्यायचं, असा क्रम. दुसऱ्या कुणाच्या हातून तो घेत नसे. याचा आत्याला अभिमान होता आणि भावजयीला तो ती पुरता जाणवू द्यायची.

दवाखान्यातल्या नर्सनं भावजयीला सांगितलं होतं की तुमच्यासारखी घरं आणखीही आहेत, ती गिरणीमागच्या खोलीत आठवड्याला एकदा बसतात. भावजयीला एकटीनं जायची भीती वाटे. म्हणून तिनं आत्याला नेलं, म्हणजे कोल्ह्याला भ्याली आणि वाघाला सोबत घेऊन गेली.

खोलीत पीठ साचलेली पोती आणि पाच-सहा लोखंडी खुर्च्या. डॉक्टर नाही, साहेब नाही, भाषण नाही. सायकलदुरुस्तीवाला होता, त्याचा धाकटा भाऊ आजारी. एक शिंपीण होती, तिची मुलगी. एक निवृत्त मास्तर होते, त्यांचा मुलगा. एकेकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, एवढाच काय तो कायदा. सल्ला द्यायचा नाही म्हटल्यावर आत्याचा जीव तिथेच अर्धा गेला.

शिंपीण म्हणाली, "काल तिनं स्वतःहून केस धुतले. मी सांगितलं नव्हतं."

"वा!" मास्तर म्हणाले. सायकलवाल्यानं तर मांडीवर थाप मारली.

आत्यानं भावजयीला कोपरखळी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजली, "केस धुतले म्हणून वा! आपली गाढवं रोज स्वतःहून धुळीत लोळतात. त्यांचा सत्कार करायचा राहिलाच बघ."

भावजयीनं पदर तोंडावर धरला. शिंपिणीचा चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला होता, तिनं तो उगाच पुसला. सायकलवाला शांतपणे म्हणाला, "तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा, आत्याबाई."

"आमच्याकडे सांगण्यासारखं काही झालेलं नाही," आत्या म्हणाली. "आम्ही चहापुरत्या आलोय."

चहा पांचट होता. परतताना तिनं रस्ताभर सगळ्यांची सालं काढली. मास्तरांना स्वतःचं पोरगं शिकवता आलं नाही आणि गावाची शिकवली. सायकलवाल्याच्या नखांत वंगण आणि तोंडात शहाणपण. शिंपिणीचं तर ठिगळासारखं बोलणं, कुठेही जोडावं. "रडक्यांचा बाजार आहे तो," ती म्हणाली. "एकानं रडायचं, दुसऱ्यानं वजन करायचं."

"मला बरं वाटलं, वन्सं," भावजय म्हणाली. इतकंच म्हणाली आणि पुढे चालू लागली.

त्या हंगामात नदीपलीकडे एक मोठी भट्टी उभी राहिली आणि निम्म्या थापणाऱ्या बाया तिकडे गेल्या. वर आभाळाची लक्षणं ठीक नव्हती. अवेळी ढग यायचे, दुपारभर डोक्यावर बसायचे आणि न बरसता निघून जायचे. वाळत घातलेल्या कच्च्या विटांवर एक सर पडली असती तरी सगळ्याचा चिखल झाला असता. भाऊ दिवसातून वीस वेळा वर बघायचा. माणूस घाबरला की त्याला कुणावर तरी जोर काढावा लागतो. भावानं तो मुलावर काढला.

"भट्टी पेटेल तेव्हा राखणीला हा बसेल," जेवताना तो म्हणाला. "माणसं नाहीत मला. बसला, तर माझा मुलगा. नाही बसला, तर वेड्यांना ठेवतात ती जागा मी बघून आलोय. भिंती उंच आहेत, पण दोन वेळा खायला घालतात."

"आणि कडीला बांधतात ते?" आत्या म्हणाली.

"बांधत असतील. इथे काय, मी त्याला पुढची सगळी वर्षं झोपा काढायला ठेवू?"

भाचा ताटात बघत होता. त्याचा हात कापत होता आणि वाटीतलं पातळ कडेवरून सांडत होतं. आपल्याबद्दलच चाललंय हे त्याला कळत होतं. बापानं वाटीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं आत्याच्या काळजात घुसलं. भावाला शिव्या द्याव्यात म्हणून तिनं तोंड उघडलं, पण त्याचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. झोपाळू माणसाला राखणीला बसवता येत नाही.

राखण म्हणजे नुसतं बसणं नव्हे. कच्च्या विटा कडेवर उभ्या करून, मध्ये बोटभर फट ठेवून, थरावर कोळशाची चुरी पसरत भट्टी रचतात. बाहेरून मातीनं लिंपतात, खाली लाकडं घालायला तोंडं ठेवतात. आग एका अंगानं पुढे पळाली की तिकडची भोकं ओल्या मातीनं बुजवायची. धूर पांढरा आहे तोवर विटांतलं पाणी निघतंय, निळसर झाला की आग विटेला लागली. डोळा लागला तर एक बाजू जळून काळी दगड होते आणि दुसरी कच्ची राहते.

आत्यानं हिशेब केला तो असा. पोरगा राखणीला बसला तर घरात राहील. जागा राहिला तर बसेल. गोळी बंद झाली तर जागा राहील. इतकं साधं गणित त्या गिरणीमागच्या शहाण्यांना सुटलं नव्हतं, कारण त्यांना सोडवायचंच नव्हतं, त्यांना रडायचं होतं.

"डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितलीय," तिनं भाच्याला सांगितलं.

"कधी?"

"मी फोन केला होता. तू आता बरा आहेस."

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याचा तिच्यावर विश्वास होता. तो हसला, आणि त्याचं ते हसू बघून आत्याला वाटलं, देवानं अक्कल वाटली तेव्हा आपण रांगेत पहिल्या होतो.

आणि खरंच, पोरगा उजळला. सकाळी बायांच्या आधी उठायला लागला. हाताचा कंप गेला. तो विटा झेलू लागला, दोन-दोन, रचणाऱ्याच्या हातात नेमक्या. बायांशी थट्टा करू लागला. भावजय साच्यातून मान वर करून बघत राही आणि तिच्या ओठांवर काहीतरी येऊन परत जाई. भाऊसुद्धा एकदा म्हणाला, "सुधारलं की गं ताई पोरगं."

"सुधारायला ते बिघडलं कधी होतं?" आत्या म्हणाली.

मग तो वाळत्या विटांच्या ओळींतून फिरू लागला. एक वीट उचलायची, बोटाच्या पेरानं टकटक करायची, कानाशी धरायची. वीट आतून वाळली की नाही हे जुनी माणसं अशीच आवाजावरून सांगतात. ओली वीट बद्द बोलते, वाळलेली खणखणीत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आत्यानं भावाला हाताला धरून ओढत आणलं.

"बघ. भट्टीवाल्याचं रक्त आहे ते. कान किती पक्का आहे बघ!"

भाऊ बघत राहिला. पोरगा एकेका विटेला कान लावून फार वेळ उभा राही. वीट वाळली का हे कळायला इतका वेळ लागत नाही. भट्टीवर जन्म काढलेल्या दोघांनाही ते दिसलं नाही, कारण भट्टीवरच जन्म काढला होता. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर विचारलं असतं, की हा विटांचं काय ऐकतोय?

त्या आठवड्यात आत्या स्वतःहून गिरणीमागे गेली. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "आमचा मुलगा राखणीला बसणार आहे. रात्रंदिवस. तुमची पोरं मेणासारखी बसवून ठेवलीत तुम्ही आणि त्यांनी केस विंचरले म्हणून पेढे वाटताय. माणसाला काम द्या, काम! आजार कसा पळतो बघा."

शिंपिणीनं विचारलं, "झोपतो का तो?"

"झोपायला वेळ कुणाला आहे?"

"आणि गोळ्या चालू आहेत ना?"

"तुम्ही तुमच्या मुलीच्या डोक्याला ठिगळ लावा," आत्या म्हणाली. "आमचं आम्ही बघतो."

आत्या मोठ्या दिमाखात निघून आली. भावजय मात्र खुर्चीवरून उठली नाही, ती मागेच राहिली. एवढं धाडस तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

भट्टी पेटली. पहिला धूर पांढराशुभ्र, ओला, जमिनीवर लोळणारा. भाचा तोंडाशी बसला. लाकडं सारणं, भोकं बुजवणं, सगळं बिनचूक. जेवण ठेवलं तसंच पडून होतं. आत्यानं ते कामाच्या धुंदीवर घातलं. डोळे तांबारलेले होते, ते धुरावर घातले. अंगाला वास मारत होता, आणि भट्टीवर कुणाच्या अंगाला मारत नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले आणि या वेळी खाली उतरले. गार वारा सुटला, धूळ उठली. भाऊ ओरडला तशी सगळी माणसं वाळत्या विटांकडे धावली. ताडपत्री वाऱ्यानं फुगत होती, टोकं हातातून निसटत होती. आत्या एका टोकावर पोटावर आडवी पडली, तिच्या गुडघ्याखाली दोन ओळी मोडल्या. चार थेंब पडले, टपोरे, आणि थांबले. ढग पुढे गेले. "वाचलो!" भाऊ म्हणाला आणि मागे वळला.

भट्टीचा धूर काळा येत होता.

भाच्यानं पहार घालून तोंडाची बाजू उचकटली होती. लिंपण खाली पडलं होतं, आत लाल विटा उघड्या पडल्या होत्या आणि गार वारा सरळ आत शिरत होता. तडकणाऱ्या विटांचा आवाज लांबून ऐकू येत होता. तो हातांनी विटा ओढत होता. नुसत्या हातांनी. दोघांनी त्याला मागे खेचला तेव्हा तळव्यांची कातडी विटेला चिकटून राहिली.

"माणसं आहेत आत!" तो ओरडत होता. "सोडा मला, पोरं आहेत आत!" मग त्याला आत्या दिसली. "आत्या, तू सांग ना यांना! तूच म्हणालीस माझा कान पक्का आहे. विटांत होती तेव्हापासून ओरडतायत ती. तुला ऐकू येत नाही?"

बाया तोंडावर हात घेऊन उभ्या होत्या. मातीवाला, ज्याची गाडी आत्या हंगामातून दोनदा माघारी फिरवायची, तो बिडी ओढत बघत होता आणि त्याला मजा वाटत होती.

भावानं आधी भट्टी बघितली. निम्मी गेली होती. मग मुलाकडे न बघता म्हणाला, "संपलं. गाडी बोलावतो. आजच नेतील." आणि फोन घेऊन आंब्याखाली गेला.

भावजय केव्हा निघाली ते कुणाला कळलं नाही. ती परत आली ती सायकलवाल्याच्या मागे कॅरिअरवर बसून, आणि पाठोपाठ दुसऱ्या सायकलवर शिंपीण, अंगावर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले, धापा टाकत. सायकलवाल्यानं भाच्याला धरलेल्या दोघांना हात सैल करायला सांगितलं आणि बघणाऱ्यांना चार पावलं मागे सारलं. शिंपीण सरळ राखेत बसली, त्याच्यापासून हातभर लांब. आत कुणी नाही असं ती म्हणाली नाही. आहे असंही म्हणाली नाही.

"हात फार दुखत असतील," ती म्हणाली.

भाचा तिच्याकडे बघू लागला.

"पाणी ओतू का त्यावर? मी ओतते. तू सांगशील तेव्हा थांबते."

त्यानं हात पुढे केले. ती ओतत राहिली. हळूहळू त्याचं ओरडणं कमी झालं आणि नुसतं पुटपुटणं राहिलं. ओतता ओतताच तिनं मान न वळवता विचारलं, "गोळ्या कुणाच्या हातात असतात?"

"वन्संच्या," भावजय म्हणाली. "रोज देतात त्या. न चुकता."

आंब्याखालून भावाचा आवाज येत होता. तो पत्ता सांगत होता, भट्टीची खूण सांगत होता. आत्याला कळत होतं की आपण गप्प राहिलो तर कुणालाच काही कळणार नाही. पोरगा गोळ्या घेऊनही बिघडला असं ठरेल, गाडी येईल, उंच भिंतीमागे तो जाईल आणि आपला मान होता तसा राहील. हे सगळं तिला लख्ख कळलं आणि तिला स्वतःची किळस आली. आजवर ती तिला दुसऱ्यांचीच यायची.

ती आंब्याखाली गेली आणि भावाच्या हातातला फोन तिनं खाली ओढला.

"मी बंद केल्या होत्या गोळ्या," ती म्हणाली. "राखणीला जागा राहावा म्हणून. डॉक्टरांनीच सांगितलंय असं त्याला खोटं सांगितलं. त्याचा काही दोष नाही यात."

बाया ऐकत होत्या, मातीवाला ऐकत होता. भाचाही ऐकत होता. राखेत बसल्या बसल्या त्यानं मान वर केली होती. भावानं फोन कानाला लावला आणि "नको, राहू द्या," म्हणाला. मग ताईला म्हणाला, "तुला पाठवायला हवं तिथे. पण ते इतक्या शहाण्या माणसाला घेणार नाहीत."

विटांच्या टेम्पोत गोणपाट अंथरून भाच्याला दवाखान्यात नेलं. शिंपीण त्याच्याजवळ बसली, भावजय दुसऱ्या अंगाला, सायकलवाला पुढे. आत्या चढायला गेली तर भावानं टेम्पोची मागची फळी लावून टाकली. "तू विटा झाक," तो म्हणाला.

बऱ्याच दिवसांनी भाचा परत आला. हात बांधलेले, चाल संथ, पापण्या जड. गोळ्यांचा डबा आता भावजयीकडे होता. कामं टाकून ती संध्याकाळी हात धुऊन यायची आणि तोही शांतपणे गोळी घ्यायचा. आत्यानं एकदा पाण्याचा पेला भरून नेला. त्यानं पेला घेतला, आत बघितलं, उजेडाकडे धरून पुन्हा बघितलं आणि न पिता खाली ठेवला. मग बांधलेल्या हातांनी कसंबसं झाकण सरकवून त्यानं स्वतःच माठातून पाणी घेतलं. अर्धं छातीवर सांडलं.

"अरे, नुसतं पाणी आहे," आत्या म्हणाली.

"तू तेही खरं सांगशील कशावरून?" तो म्हणाला. रागानं नाही, साधं विचारावं तसं.

थापणाऱ्या बायांतली एक फिसकन हसली. पूर्वीची आत्या असती तर तिचा साचा भिरकावून दिला असता. तिनं पेला उचलला आणि पाणी मातीत ओतलं.

पुढच्या आठवड्यात भावजय गिरणीकडे निघाली तेव्हा आत्या मागून चालू लागली. भावजयीनं थांबून तिला बरोबर घेतलं नाही, परत जा असंही म्हटलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खरंच आहे. खोलीत शिरताच आत्याला मास्तरांचा सदरा मळका वाटला, खुर्च्या डुगडुगत्या वाटल्या, सायकलवाल्याचं "या" म्हणणं आगाऊ वाटलं. पण ती बसली.

आज एक नवं जोडपं आलं होतं. नवरा इस्त्रीच्या कपड्यांत, खुर्चीच्या टोकावर, पिशवी मांडीवर. हा बाजार किती वेळात उठतो असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते तोंड आत्याला फार ओळखीचं वाटलं.

तिनं शिंपिणीकडे बघितलं.

"तुमच्याकडे असं कधी झालंय का? म्हणजे, पोरानं आपल्या हातचं घेणंच सोडलंय असं?"

"झालंय," शिंपीण म्हणाली. "मीही एकदा थांबवल्या होत्या. तिला बघायला पाहुणे येणार होते, ती झोपाळू दिसू नये म्हणून."

"मग परत कधी घ्यायला लागली?"

"अजून नाही. तिची मावशी येऊन देते."

आत्याला वाटलं होतं, ही काहीतरी उपाय सांगेल. तो फालतू निघाला असता तर त्याला नावं तरी ठेवता आली असती. "मग तुम्ही इथे येता कशाला?" ती म्हणाली.

शिंपिणीनं खांदे उडवले. "घरी हे बोलता येत नाही."

सायकलवाला नव्या जोडप्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला आज बोलायची घाई नाही. आत्याबाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

आत्यानं पदर सारखा केला. भावजय जमिनीकडे बघत होती.

"माझा भाचा बरा होत होता," आत्या म्हणाली. "मी त्याला खोटं सांगून त्याच्या गोळ्या बंद केल्या. त्याचे हात भाजले. आता तो माझ्या हातचं पाणी पीत नाही."

नवा गृहस्थ बायकोकडे वाकला, त्यानं कानामागे तळवा धरला आणि मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाली ही बाई? मला नीट ऐकू आलं नाही."

त्याची बायको ओशाळली आणि त्याला गप्प राहा म्हणून खुणावू लागली. आत्या उठली. आपली खुर्ची उचलून तिनं त्याच्या कानाच्या बाजूला आणून ठेवली, बसली आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.